खांद्यावरची लोकर

नागपूरकरांचे नाते मुळात उन्हाशी. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि त्या उन्हाच्या धाकानेच येथील घरांची रचना, अंगावरचे कपडे व दुपारच्या सवयी घडल्या आहेत. थंडीचे खरे दिवस मोजकेच. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उत्तरेचे वारे सुटतात, पहाटे चौकाचौकांत शेकोट्या पेटतात आणि गोधड्या, दुलया पेटीबाहेर येतात. 29 डिसेंबर 2018 रोजी येथील किमान तापमान 3.5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. पण असा कडाका अपवादाचा. एरवी संत्र्याच्या हंगामातली ही थंडी सकाळच्या उन्हात तासाभरात विरून जाते, आणि घालून आलेला स्वेटर दुपारी हातावर वागवावा लागतो.

अशा या शहरात, भोसल्यांच्या वाड्यामुळे ज्याला नाव मिळाले त्या महालात, गेल्या काही हिवाळ्यांत एक नवी हौस दिसू लागली आहे. गांधी गेट, बडकस चौक, कोतवालीच्या परिसरातील दुकानांतून तरुण मुलांसाठी जाडजूड कोट टांगलेले असतात. बाहेरून कातड्यासारखे तपकिरी, आतून पांढरट, कुरळ्या लोकरीसारखे. कॉलर उलटली की तीच लोकर मानेभोवती दिसावी, अशी त्यांची ठेवण. ज्या मूळ वस्त्राची ही नक्कल आहे त्याला पाश्चात्त्य देशांत ‘शिअरलिंग’ म्हणतात. हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण हौसेला मोल असते. ते कोण देतो आणि कोणत्या नाण्यात देतो, एवढाच प्रश्न असतो. थंडी नसताना घातलेला हा थंडीचा कोट आपल्या श्रद्धेला काही विचारतो का, आणि विचारत असेल तर नेमके काय, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम वस्त्राची ओळख करून घेऊ. शिअरलिंग म्हणजे एकदा लोकर कातरलेल्या कोवळ्या मेंढीचे, लोकरीसकट कमावलेले कातडे. विणलेल्या लोकरी कापडाहून त्याचे वेगळेपण असे की, येथे लोकर आणि तिला धरून ठेवणारी त्वचा यांची ताटातूट झालेली नसते. मेंढीच्या अंगावर ती जशी होती तशीच, केवळ उलटी होऊन, ती माणसाच्या अंगावर येते. अशी वस्त्रे माणसाने फॅशन म्हणून निर्माण केली नाहीत. तिबेटच्या पठारावरील गुराख्यांचा मेंढीच्या कातड्याचा ‘चुबा’ किंवा अफगाणिस्तानातील ‘पोस्तीन’ ही रक्त गोठविणाऱ्या थंडीची अपत्ये होत. 1930 नंतरच्या काळात लेस्ली आयर्विन याने वैमानिकांसाठी मेंढीच्या कातड्याचे जाकीट तयार केले, त्यामागेही हेच कारण होते. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमाने इतक्या उंचीवरून जात की आतील हवा शून्याखाली कित्येक अंश उतरे, आणि त्या थंडीत हाताची बोटे हलती राहणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

युद्ध संपले, पण त्या जाकिटाला चिकटलेले शौर्याचे वलय राहिले. 1967 च्या सुमारास बीटल्स मंडळींच्या अंगावर अफगाणी कोट दिसले आणि लंडनच्या तरुणाईने ते उचलले. चित्रपटांतील नायकांनी, क्वचित खलनायकांनीही, तेच पांघरले. आता मिलान आणि पॅरिस येथील पुरुषी पोशाखांच्या प्रदर्शनांत ते पुन्हा मानाने मिरवत आहे, आणि हातातल्या फोनच्या पडद्यावरून ते महालातल्या मुलापर्यंत पोचले आहे. वाटेत त्याचे कातडे गळून पडले. येथे येणारा माल बहुतांशी पॉलिएस्टरचा असतो. बाजारात त्याला ‘शेर्पा’ म्हणतात. हिमालयात इतरांची ओझी वाहून त्यांना शिखरावर पोचविणाऱ्या एका कष्टाळू जमातीचे नाव एका कृत्रिम कापडाला मिळाले आहे, आणि घालणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

आता, या मुलांना उपदेश करणे फार सोपे आहे. ‘हे सगळे व्यर्थ, हा केवळ अहंकार’, एवढे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण तसे करण्यापूर्वी नागपूरच्या कॅथेड्रलचे जे आश्रयदाते संत, त्या संत फ्रान्सिस डि सेल्स यांचे मत विचारात घ्यावे लागेल. आल्प्सच्या कुशीतील आनेसी या गावी राहून त्यांनी जिनिव्हाच्या धर्मप्रांताची धुरा वाहिली, आणि त्याच आनेसीहून त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात मध्य भारतात आले. 1887 मध्ये नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला, 1953 मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. संसारी माणसांना भक्तिमार्ग दाखविणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ 1609 चा. त्यात पोशाखावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या प्रकरणात हा संत कपड्यांचा तिरस्कार करीत नाही. गबाळेपणा त्याला मान्य नाही. ज्यांच्यात आपण वावरतो त्यांच्याविषयीचा तो अनादर होय, असे त्याला वाटते. भक्तिमान माणूस चारचौघांत नीटनेटका दिसावा, शक्य तर सर्वांत नीटनेटका दिसावा. मात्र त्याच्यात डामडौल आणि नखरा सर्वांत कमी असावा, अशी त्याची अपेक्षा आहे. फ्रान्सचा राजा संत लुई याचा दाखला देऊन तो सांगतो की, वडीलधाऱ्यांना अतिरेक वाटू नये आणि तरुणांना उणेपणा वाटू नये, असा पोशाख आपल्या स्थितीप्रमाणे करावा. साडेचारशे पानी नीतिशास्त्रात सापडणार नाही असा समंजसपणा या एका सल्ल्यात आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला एखादा मुलगा नवा कोट घालून, केस नीट विंचरून येतो, तेव्हा तो सणाचा मान राखीत असतो. त्याच्या आनंदावर आपण पहिला दगड टाकू नये.

आणखी एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. पोशाखाविषयी उपदेश करावयाचा झाला की आपल्या घरांतून आणि व्यासपीठांवरून तो मुलींना केला जातो. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील किंवा पेत्राच्या पहिल्या पत्रातील वचने आपल्याला पाठ असतात, कारण ती स्त्रियांच्या दागिन्यांविषयी व वेण्यांविषयी बोलतात. मुलगा मात्र एका जाकिटात महिन्याचा पगार घालवून आला तरी ‘मुलगाच तो’ म्हणून आपण हसतो. पण मऊ वस्त्रे ल्यालेली माणसे राजवाड्यांत असतात, ही टिप्पणी प्रभूने केली ती स्त्रियांना उद्देशून नव्हे; आणि जांभळी वस्त्रे व तलम ताग नेसून दररोज मेजवान्या झोडणारा, दारातल्या लाजरसाला न पाहणारा तो श्रीमंत पुरुषच होता. पोशाखाचा मोह पुरुषाला होत नाही असे नाही. पुरुषाचा मोह ‘दणकटपणा’, ‘रुबाब’ असली नावे घेऊन येतो, म्हणून तो ओळखू येत नाही, इतकेच.

या रुबाबाच्या मुळाशी काय आहे, हे समजण्यासाठी उत्पत्तीच्या पुस्तकातील एका प्रसंगाकडे जावे लागेल. आंधळ्या झालेल्या इसहाकाचा आशीर्वाद थोरल्या एसावाला मिळू नये, धाकट्या याकोबाला मिळावा, म्हणून रिबेका युक्ती करते. एसाव अंगाने केसाळ, याकोब गुळगुळीत. ती एसावाची उंची वस्त्रे याकोबाच्या अंगावर चढविते आणि करडांची कातडी त्याच्या हातांवर व मानेवर बांधते. म्हातारा बाप हात चाचपून पाहतो आणि चकतो. धर्मग्रंथातला, केसाळ कातडे पांघरून दुसऱ्यासारखे दिसण्याचा हा प्रयोग आजच्या कोटाच्या किती जवळ आहे! तेव्हाही हात आणि मान हीच ठिकाणे होती. आजही लोकर दिसते ती बाहीच्या टोकाला आणि कॉलरला.

याकोबाला हवा होता आशीर्वाद. आपल्या मुलांनाही तोच हवा असतो. पडद्यावरच्या धीट, बेफिकीर, रांगड्या पुरुषासारखे आपण दिसलो तर कोणीतरी आपल्यावर हात ठेवील, आपल्याला मोजील, हीच त्या कोटामागची अबोल आशा असते. आशीर्वाद याकोबाला मिळाला खरा, परंतु तो दुसऱ्याचे नाव सांगून घेतलेला होता. त्यामुळे त्याला घर सोडावे लागले, आणि पुढे भावाला भेटण्याच्या आदल्या रात्री, झोंबी घेणाऱ्या त्या अनोळखी पुरुषाने नाव विचारले तेव्हा, ‘मी याकोब’ असे स्वतःचे खरे नाव त्याला सांगावे लागले. त्यानंतरचा आशीर्वाद त्याचा स्वतःचा होता. पालकांनी या कथेतून घ्यावयाचा बोध मला असा दिसतो: ज्या मुलाला घरात स्वतःच्या नावाने आशीर्वाद मिळतो, त्याला एसावाचे कातडे पांघरण्याची गरज कमी भासते. अभ्यासात मागे पडलेला, नोकरीसाठी खेटे घालणारा, बोलण्यात बुजरा असा जो मुलगा, त्याच्या कोटाची किंमत काढण्यापूर्वी आपण त्याच्या डोक्यावर शेवटचा हात केव्हा ठेवला, याचा हिशेब करावा.

येथवर प्रश्न घालणाऱ्याचा झाला. आता ज्यांच्यापासून कोट येतो त्यांचा. या विषयात एक सोपी वाट नेहमी सुचविली जाते: खऱ्या कातड्याऐवजी नकली घ्या, म्हणजे जीवहत्या टळेल. सूचना सद्भावनेची आहे, पण तीत पूर्ण सत्य नाही. पॉलिएस्टर खनिज तेलापासून होते. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटून नाल्यांत, नद्यांत जातात आणि ते सहजी कुजत नाहीत. खरे लोकरी कातडे नीट राखले तर बापाकडून मुलाकडे जाऊ शकते. नकली कोटाची लोकर दोनचार धुण्यांत गोळे धरते आणि पुढल्या हिवाळ्यात तो पायपुसण्याजवळ जाऊन पडतो. दुसऱ्या बाजूस, खरे कातडे म्हणजे मेलेली मेंढी, हेही विसरता येत नाही. पण सणावाराला मटण रांधणाऱ्या आपल्या घरांनी या मुद्द्यावर फार सोवळे होऊ नये. मांसासाठी मारलेल्या जनावराचे कातडे फेकून देणे हा त्याचा अधिक मोठा अपमान होय. केवळ तलम कातड्यासाठी नुकते जन्मलेले कोकरू मारणे, जसे कराकुल मेंढीच्या बाबतीत होते, ही वेगळी गोष्ट. तेथे समर्थनाला जागा राहत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील धनगराने या प्रश्नाचे एक जुने उत्तर दिलेले आहे. दख्खनी मेंढीची लोकर कातरून तिचे घोंगडे विणतात. मेंढी जिवंत राहते, तिला पुन्हा लोकर येते, आणि म्हणून तिला चारा, पाणी, राखण देणे भाग पडते. थंडीवाऱ्यात, पावसात तेच घोंगडे मेंढपाळाच्या अंगावर असते आणि रात्री तेच अंथरूण होते. कच्छमधून विदर्भात आलेले रबारी मेंढपाळ शेताशेतांतून कळप फिरवितात. त्यांचेही मेंढीशी असेच देण्याघेण्याचे नाते आहे. ऊब घेतली तर ऋण राहते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. दुकानात टांगलेला कोट पाहून मात्र ऋणाची आठवण होत नाही. तेथे फक्त किंमत लिहिलेली असते.

आणि ऋण केवळ मेंढीचे नाही. कातडे कमाविणे हे दुर्गंधीचे, हातांची साले काढणारे काम. ते ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले त्या चांभार व ढोर बांधवांना आपल्या समाजाने गावकुसाच्या कडेला ठेवले. त्यांच्या हातची वहाण चालली, मोट चालली, मृदंगावर चढविलेले कातडे देवळात चालले. तो माणूस चालला नाही. ज्या नगरीत 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेथे कातड्याच्या कोटाविषयी लिहिताना या अन्यायाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रेषितांच्या कृत्यांत एक छोटीशी नोंद आहे. यापो नगरात पेत्र पुष्कळ दिवस राहिला तो शिमोन नावाच्या माणसाच्या घरी, आणि हा शिमोन कातडी कमाविणारा होता. आपल्या मराठी बायबलात त्याला चांभारच म्हटले आहे. मृत जनावरांना शिवावे लागते म्हणून यहुदी समाजात तो धंदा हीन मानला जाई. कोणालाही अशुद्ध लेखू नये, हा दृष्टान्त पेत्राला झाला तो याच घराच्या धाब्यावर, आणि परराष्ट्रीय कर्नेल्याची माणसे त्याला शोधीत आली ती याच दारापाशी. चर्चचे दार सर्व जगासाठी उघडले त्या घटनेची पहिली पायरी एका चांभाराच्या घरात होती. आपले नागपूरचे, वसईचे, नगरचे धर्मग्राम तरी या घरापासून किती पुढे आले आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या सोयरिकी जुळविताना तपासून पाहावे.

आता मूळ प्रश्नाच्या सर्वांत अवघड भागाकडे येऊ: दुसऱ्या कोटाचा प्रश्न. लूकच्या शुभवर्तमानात लोक योहान बाप्तिस्ताला विचारतात, आम्ही काय करावे? तो स्वतः उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा. पण तुम्हीही तसेच नेसा, असे तो म्हणत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, एवढेच तो सांगतो. 2024 च्या आगमनकाळातील तिसऱ्या रविवारी, 15 डिसेंबरला, हाच उतारा आपल्या चर्चमधून वाचला गेला. नागपुरात स्वेटर निघण्याचे तेच दिवस. चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरिया येथे संत बेसिल यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. पेटीत पडून राहिलेला झगा उघड्या माणसाच्या मालकीचा आहे, असे त्यांनी धनिकांना तोंडावर सांगितले. त्यांच्या मते असा झगा देणे हे औदार्य ठरत नाही. ती परतफेड होते. निर्गमच्या पुस्तकातील नियमही असाच रोखठोक आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे, कारण रात्री तो दुसरे काय घेऊन निजणार? त्या नियमात मालकी, कर्ज, व्यवहार सर्व मान्य आहे. फक्त रात्र झाली की व्यवहार थांबतो आणि थंडीने कुडकुडणाऱ्या देहाचा हक्क सुरू होतो.

नागपुरात ही रात्र कोठे पाहावी, हे सांगावयास नको. मेडिकल आणि मेयो या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आणि मध्य प्रदेश, छत्तीसगडमधून रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते. त्याच्याबरोबर आलेली बायको, म्हातारी आई, भाऊ यांनी कोठे निजावे? आवारात, पायऱ्यांवर, झाडाखाली, एखाद्या चादरीत. मेयो तर महालापासून फार दूरही नाही. दुकानातला कोट आणि ही चादर एकाच शहरातल्या एकाच रात्रीत असतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खुद्द शुभवर्तमानातून येईल. बेथानीत मरियेने तीनशे दिनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा ते विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहूदा इस्कार्योत होता, आणि प्रभूने बाजू घेतली ती मरियेची. मग प्रत्येक सुंदर वस्तूसमोर गरिबाला उभे करणे हा यहूदाचाच आवाज ठरत नाही काय? आक्षेप खरा आहे. सौंदर्यावर, उत्सवावर, प्रेमाने केलेल्या उधळपट्टीवर येशूने बंदी घातली नाही. परंतु मरियेने ते तेल दुसऱ्यावर ओतले होते. ते वापरून संपले. कुपी रिकामी झाली आणि घर सुगंधाने भरले. पेटीत पडून राहिलेल्या तिसऱ्या, चौथ्या कोटाला तिचे नाव घेता येणार नाही. तो कोणावर ओतलेला नाही. तो फक्त असतो.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. आपण कोट घेतले नाहीत तर विकणाऱ्याने काय करावे? दर हिवाळ्यात नागपुरात तिबेटी निर्वासितांचा स्वेटरांचा बाजार भरतो. आपल्या राज्यात गोंदिया जिल्ह्यात प्रतापगड-गोठणगावजवळ 1972 पासून त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. लुधियानाचा माल उधारीवर आणावयाचा, दोनतीन महिन्यांत विकावयाचा आणि त्यावर वर्ष काढावयाचे, हा देशभरातील अनेक तिबेटी कुटुंबांचा शिरस्ता. ज्यांचे आजोबा मेंढीच्या कातड्याचा चुबा घालून हिमाच्छादित खिंडी ओलांडून आले, ते आज उन्हाच्या शहरात कृत्रिम लोकर विकतात. त्यांच्याकडून जरूर घ्यावे, घासाघीस न करता घ्यावे. पण खरेदी करणे आणि साठवून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा कोट घरात आला की जुना, धडधाकट असतानाच, बाहेर जावा. तसे झाले तर विकणाऱ्याची रोजी चालेल आणि पायरीवर निजणाऱ्यालाही ऊब मिळेल. बोहारणीला देऊन भांडे घेण्यासाठी राखून ठेवलेला, किंवा विटून गेल्यावर ‘गरिबांना’ म्हणून काढलेला कपडा यात मोजू नये.

ऊब या शब्दाचाही थोडा विचार व्हावा. लोकर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते आणि ती हवा देहाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे ऊब देहाचीच. लोकर तिची राखणदार. म्हणूनच उपाशी माणसाला नुसते ब्लँकेट पुरत नाही, कारण राखावयाची उष्णताच त्याच्या अंगी अपुरी असते. संत याकोबाच्या पत्रात, उघड्या आणि उपाशी बंधुभगिनींना नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांचा जो समाचार घेतला आहे, त्यात ऊब आणि अन्न ही जोडीनेच येतात. ब्लँकेटवाटपाचे छायाचित्र काढून आपण परततो, तेव्हा ही जोडी तोडतो. रात्रीच्या गरम जेवणाचा डबाही बरोबर गेला पाहिजे.

या बाबतीत तरुणांपेक्षा आपण थोरांचीच कपाटे आधी उघडावी. मराठी समाजात मानाचे चिन्ह म्हणून ऊबदार वस्त्रच देतात: शाल आणि श्रीफळ. धर्मग्रामाचा वर्धापनदिन, फादरांचा रौप्यमहोत्सव, निवृत्त शिक्षिकेचा सत्कार, कोठेही एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा शाल खांद्यावर येते. नारळ त्याच आठवड्यात फुटतो. शाल कपाटात जाते आणि घडीवर घडी चढते. अशा दहाबारा शाली ज्याच्या घरी आहेत त्याने मुलाच्या एका कोटावर प्रवचन करावे, हे काही शोभत नाही. आमियां नगराच्या वेशीत संत मार्टिन याने आपला सैनिकी झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला दिला; उरलेला अर्धा लोकांनी पुढे इतक्या भक्तीने जपला की, त्या झग्याच्या लॅटिन नावावरूनच ‘चॅपल’ हा शब्द आला. आपण ज्याला प्रार्थनेची खोली म्हणतो तिच्या नावात एक फाटका झगा आहे.

चर्चने लोकरीच्या वस्त्राला एके ठिकाणी मोठा मान दिला आहे. नागपूर महाधर्मप्रांत असल्यामुळे येथील आर्चबिशपांना रोमहून पॅलियम मिळते. ती पांढऱ्या लोकरीची अरुंद पट्टी; तिच्यावर सहा काळे क्रूस. तिच्या लोकरीचा संबंध संत अग्नेस हिच्या सणाला, 21 जानेवारीला, आशीर्वादित होणाऱ्या कोकरांशी जोडला जातो. थंडीच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य. शिअरलिंगच्या कोटाप्रमाणे तीही खांद्यावर दिसण्यासाठीच असते. पण दिसावयाचे आहे ते असे की, हरवलेले मेंढरू खांद्यावर घेऊन येणारा मेंढपाळ कोण, याची आठवण पाहणाऱ्याला आणि त्याहून अधिक घालणाऱ्याला व्हावी. ती लोकर अंगावर आली की मेंढराचे ओझेही आले.

आपल्या मुलांनी महालातून कोट जरूर घ्यावा. तो अंगाला नीट बसावा, सणाला शोभावा. मात्र त्याच्या कॉलरवरची लोकर, खरी असो की नकली, खांद्यावर आली की खांद्याला काहीतरी वाहावे लागते, एवढे त्यांना आपण सांगू शकलो पाहिजे. आणि सांगण्यापूर्वी येत्या आगमनकाळात, नाताळाची वाट न पाहता, कपाटातील घड्या घातलेल्या शाली आणि रात्रीचे गरम जेवण घेऊन त्या मुलांनाच बरोबर घेऊन मेयोच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन आले पाहिजे.